दुसरा बाण

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात तथागत बुद्धांनी बाणाचा दृष्टान्त दिला आहे. एखाद्याला बाण लागतो, वेदना होते. पाठोपाठ दुसरा बाण लागला तर दोन्ही बाणांची वेदना सोसावी लागते. पहिला बाण म्हणजे वाट्याला आलेले दुःख. दुसरा म्हणजे त्या दुःखावर आपणच केलेला आक्रोश, संताप, आत्मनिंदा. पहिला टाळणे नेहमी आपल्या हाती नसते. दुसऱ्याचे धनुष्य मात्र आपल्याच हाती असते.

ही शिकवण केवळ एकान्तातील साधनेपुरती नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर, वीरेश्वर मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा पसरवून आपल्या माणसांवर हल्ला करण्यात आला. प्रतिकारास सज्ज असलेले अनुयायी बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना शांत राहण्यास सांगितले. परंतु अन्याय विसरला नाही. न्यायालयीन लढा चालू राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तळ्यावरील हक्क मान्य केला. राग गिळणे वेगळे आणि रागाला दिशा देणे वेगळे.

आपल्या दीपनगरला हे निराळे सांगावयास नको. बॉयलरमधील वाफ कोंडली तर घात करते, मोकाट सोडली तर भाजते. नळीतून टर्बाइनकडे नेली म्हणजेच दिवे लागतात.

वसतिगृहातील मुलांना आम्ही म्हणूनच तीन गोष्टी शिकवितो. भावनेला नाव द्यावे : ‘मला घरची आठवण येते आहे’, ‘मला अपमान वाटला’. मग दहा मिनिटे आनापान करावे. श्वास बदलू नये, केवळ पाहावा. आणि मन उसळलेले असताना निर्णय घेऊ नये. ‘मला घरी न्या’ हे रात्री वाटले, तर सकाळी पुन्हा विचार करावा.

पालकांना एवढीच विनंती की, मूल रडले तर ‘रडू नकोस’ म्हणू नये, आधी ऐकावे. गुण कमी पडले तर ते मुलाला कळलेलेच असते; शेजारच्या मुलाशी तुलना हा आपण मारलेला दुसरा बाण ठरतो. आणि दुःख अनावर होऊन जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मदत मागणे ही दुर्बलता नव्हे.

येथून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही जीवनात पहिला बाण चुकला नसेल. दुसरा हाती येताच क्षणभर थांबण्याचे बळ त्यांना या वास्तूने दिले असेल, तर आमचे श्रम सार्थकी लागले. सर्वांचे मंगल होवो.