उर्मट उमराव टेबलावर आणताना

डंजन मास्टर म्हणून बसलं की एका संध्याकाळी दहा माणसं वठवावी लागतात. खानावळीची मालकीण, वेशीवरचा पहारेकरी, गुहेतला ड्रॅगन. या सगळ्यांत मी सर्वांत जपून आणते तो उर्मट उमराव. कधी तो बॅरन असतो, कधी काउंट, कधी कुणा ड्यूकचा धाकटा मुलगा. बोलणं तोडून टाकणारं, आणि खेळाडूंच्या पार्टीला हवी असलेली वस्तू नेमकी त्याच्याच ताब्यात. हा नीट जमला तर खेळाडू त्याच्या नावाने दातओठ खातात आणि पुढच्या सेशनला तो आहे ना, असंही विचारतात. बिघडला तर सगळ्यांची संध्याकाळ फुकट जाते. मी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती मराठीत चालवते. ही टिपणं बहुतेक त्याच टेबलावरची आहेत.

काय करावे

पार्टीला त्याची गरज पडू द्या. सगळ्यात आधी हे, कारण बाकीचं यावर उभं आहे. 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये उमरावाचे आकडे पाहा: आर्मर क्लास 15, हिट पॉइंट 9, हातात एक रेपियर, आणि समोरचा वार अडवण्याची एक युक्ती. पाचव्या लेव्हलच्या विझार्डचा फायरबॉल सहा बाजूंचे आठ फासे टाकतो, सरासरी 28. उमरावाने निम्मा मार चुकवला तरी उरलेल्या निम्म्यात तो संपतो. म्हणजे या माणसाचं बळ अंगात नाहीच. ते त्याच्या शिक्क्यात आहे, पुलाच्या जकातीत आहे, त्याने सही केल्याशिवाय न उघडणाऱ्या कोठडीत आहे. ‘याचं आपण का ऐकून घ्यायचं?’ हा प्रश्न खेळाडू पाच मिनिटांत विचारणार. त्याचं उत्तर सेशनआधी एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ सापडली नाही तर उमराव त्या दिवशी आणू नका. कारणाशिवाय अपमान सोसायला लावल्यावर कुणी तलवार उपसली, तर चूक त्या खेळाडूची नसते.

कायदा त्याच्या बाजूने आहे हे आधीच दिसू द्या. ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ या 2018 च्या मोहिमेत शहराची कायदेसंहिता खेळाडूंच्या हातात देता येते, आणि तीत लॉर्ड, अधिकारी आणि उमराव यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभागच आहे. असा एखादा कागद टेबलावर पडलेला असला की उमरावाला स्वतःच्या तोंडाने धमकी द्यावी लागत नाही. न दिलेली धमकी त्याला जास्त शोभते.

मराठीत खेळत असाल तर तू, तुम्ही, आपण ही तिन्ही हत्यारं वापरा. इंग्रजीत चालवणाऱ्याकडे हे नाही. आमच्या मोहिमेतला बॅरन आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या पॅलाडिनला पहिल्याच भेटीत ‘तू’ म्हणाला, आणि टेबलावर सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. आवाज चढवावा लागला नाही, शिवी द्यावी लागली नाही. याहून बोचरी तऱ्हा म्हणजे समोरच्याशी बोलायचंच नाही. कारभाऱ्याकडे वळून विचारायचं, ‘ह्यांनी पाय पुसलेत का?’ किंवा ‘आपण’ इतक्या थंडपणे वापरायचं की मान देतोय की दार दाखवतोय ते कळू नये. नावं चुकवणंही चालतं. आमच्या हाफ-ऑर्क फायटरला तो कायम ‘ए भालेवाली’ अशीच हाक मारायचा. या सगळ्याचा खरा उपयोग पुढे होतो. नदीच्या पुरातून तिने त्याच्या मुलीला काढलं, त्या संध्याकाळी तो तिला फक्त एक शब्द म्हणाला: ‘बसा.’ ‘बस’चं ‘बसा’ झालं तेव्हा ती भूमिका करणारी मैत्रीण काही क्षण बोललीच नाही. इतके सेशन ‘ए’ ऐकवलं नसतं, तर त्या एका आकाराला वजन आलं नसतं.

त्याला एक तरी गोष्ट उत्तम येऊ द्या. आर्थरच्या दरबारातला सर के जुन्या कथांत तोंडाळ आणि टोचून बोलणारा आहे. पण तो आर्थरचा मानलेला भाऊ आहे, राजवाड्याचा कारभार त्याच्याकडे आहे, आणि आर्थर त्याला दूर करत नाही. उमरावाला अशी एखादी जागा हवीच. कुणाला घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ असतील, कुणाला घोड्याची पारख असेल, कुणाला धान्याचा हिशेब. पार्टीला जे माहीत नाही ते त्याला माहीत असावं, आणि ते सांगताना त्याचा तोरा मुळीच कमी होऊ नये.

गर्वात फट ठेवा. ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’ या 1985 च्या खेळात स्वभावाच्या 13 जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज 20 असते. गर्व 16 असला तर विनय 4 उरतोच. खेळ कोणताही चालवा, ही युक्ती उचला. आपल्या बॅरनच्या पानावर मी ‘गर्व 16, विनय 4’ असं लिहिते आणि त्या चारांत काय आहे तेही लिहिते: मुलगी, मेलेल्या भावाची तलवार, गावच्या पुजाऱ्यापुढे झुकणारी मान. खेळाडू हुशार असतात. महालात दोन चकरा मारल्या की त्यांना ती फट सापडते, आणि शोधून सापडल्यामुळे ती त्यांची होते.

तऱ्हेवाईकपणाला भीती द्या. (ज्यांना ‘कर्स ऑफ स्ट्राड’ खेळायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) 2016 च्या या मोहिमेत वल्लाकी गावचा बॅरन वर्गास वल्लाकोविच लोकांवर सतत उत्सव लादतो आणि आनंदी न दिसणाऱ्यांना खोड्यात अडकवतो. टेबलावर हा माणूस भयंकर चीड आणतो. पण त्याच्या डोक्यात एक हिशेब आहे: सगळं गाव सुखी झालं तर मोहिमेचा खलनायक स्ट्राड याच्या सावटातून सुटेल. हे कळलं तरी खेळाडूंचा राग जात नाही. पुढे काय करायचं हे ठरवणं मात्र अवघड होतं, आणि मला उमरावाकडून नेमकं तेच हवं असतं. तुमचा उमराव कशाला घाबरतो? कर्जाला, थोरल्या भावाला, रिकाम्या कोठाराला? ठरवा, आणि लगेच सांगू नका.

नोकर दाखवा. धन्याचं वाक्य पुरं होण्याआधी खुर्ची ओढणारा पोऱ्या सगळं सांगून जातो.

लवकर आत आणा, लवकर बाहेर काढा. दहा मिनिटं पुरे.

त्याला चारचौघांत हरू द्या. अंधाऱ्या बोळात सुरा खुपसून मेलेला उमराव खेळाडूंना विशेष काही देत नाही. मेजवानीत, तीस पाहुण्यांसमोर, त्याच्याच वंशावळीतली चूक बार्डने दाखवली तर त्या विजयाची गोष्ट वर्षभर निघते. असा डाव खेळाडूंनी रचला आणि तो बराचसा जमणारा असेल, तर फासे अडवू नका. हरल्यावर त्याचा चेहरा नीट वर्णन करा: हातातला पेला खाली ठेवायला लागलेला उशीर, कारभाऱ्याकडे न बघणं. ही हार त्यांनी कमावलेली आहे, ती घाईने उरकू नका.

काय टाळावे

खेळाडूला लागेल असं बोलू नका. उमरावाने पात्राला हिणवावं, पात्र खेळणाऱ्या माणसाला नव्हे. अंगाचा बांधा, रंग, बोलण्याची लकब, अडखळणं, खऱ्या आयुष्यातली नोकरी, यांतलं काहीही तुमच्या तोंडून निघता कामा नये, भूमिकेत असतानाही नाही. आणि आपल्याकडे जन्माचा विषय जास्तच जपायला हवा. युरोपी धर्तीच्या कल्पित राज्यात ‘हलक्या कुळातला’ म्हणणं पुस्तकात साधं दिसतं; मराठीत तेच वाक्य टेबलावरच्या कुणाच्या तरी घरात, गावात, शाळेत खरोखर बोललं गेलेलं असतं. एकदा माझ्या तोंडून असं वाक्य गेलं आणि समोरचा मित्र उरलेला वेळ फासे टाकत राहिला, पण खेळला नाही. सेशन संपल्यावर मी माफी मागितली. तेव्हापासून माझा उमराव चिखलाचे बूट, जेवायची पद्धत, स्वस्त चिलखत, शिंग असलेलं कपाळ यांवर बोलतो. कुळावर बोलत नाही. काय चालेल आणि काय चालणार नाही हे सेशन झीरोमध्ये, म्हणजे मोहिमेआधीच्या बैठकीत, मोकळेपणाने विचारा. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी सुचवलेलं एक्स-कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवा: कुणीही बोट टेकवलं की तो भाग वगळून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

गप्प बसलेल्यांना विसरू नका. खेळाडू उलट बोलत असतील, हसत असतील, कट रचत असतील तर उमराव चाललाय. नजरा मोबाइलकडे वळल्या तर त्याला आजारी पाडा, बोलावणं पाठवा, काहीही करा, पण प्रवेश संपवा.

एकाच खेळाडूशी बोलत राहू नका. 2014 च्या नियमांत खेळाडूलाही उमराव घराण्याची पार्श्वभूमी घेता येते, आणि मग मोठ्या लोकांत त्याला आपोआप जागा मिळते. उर्मट बॅरन साहजिकच त्याच्याकडेच वळणार, आणि बाकी चौघे त्याचे नोकर ठरणार. एकदा गंमत वाटते, तिसऱ्यांदा ते चौघे घरी जायची वेळ बघतात. अशा वेळी बॅरनला नेमकं उलट वागायला लावा: बरोबरीच्या घराण्याचं पोर म्हणून त्याला जास्त तुच्छ लेखू दे, आणि कामाचं बोलणं पार्टीतल्या ‘रोग’ वर्गाच्या पात्राशी करू दे.

एका रोलवर त्याला विरघळवू नका. वीस बाजूंच्या फाशावर वीस आला म्हणून बॅरन पाया पडत नाही. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हे छान मांडलंय: शत्रुभावाचं पात्र 20 च्या डीसीला (रोलने गाठायच्या आकड्याला) मान तुकवतं खरं, पण त्यात स्वतःला धोका किंवा झीज नसेल तेवढ्यापुरतंच. म्हणजे तो पुलावरून जाऊ देईल, शिव्या देत देईल, स्वतः बरोबर येणार नाही. चांगला रोल वाया गेला असंही वाटता कामा नये. काय मिळालं ते स्पष्ट सांगा.

त्याला गुपचूप खलनायक करू नका. सगळ्या टेबलाला ते पहिल्या दिवसापासून वाटत असतं. उर्मट आणि सचोटीचा माणूस पार्टीला जास्त गोंधळात टाकतो.

दोन उमराव एकमेकांशी बोलायला बसवू नका. तुम्हीच विचारणार, तुम्हीच उत्तर देणार, आणि पाच माणसं बघत बसणार.

गोष्ट त्याची होऊ देऊ नका. आपल्या रंगभूमीने हे फार पूर्वी दाखवलंय. खाडिलकरांच्या 1911 च्या ‘संगीत मानापमान’मध्ये लक्ष्मीधर श्रीमंतीचा तोरा मिरवतो, दागिन्यांत चमकतो आणि प्रसंग आला की घाबरतो. तो रंगतो भरपूर, पण त्याच्या प्रत्येक बढाईने धैर्यधर आणि भामिनी उजळून निघतात. उमरावाचं एखादं वाक्य सुचलं की स्वतःला विचारा, याला उत्तर देताना कुठलं पात्र खुलेल? उत्तर सुचलं नाही तर ते वाक्य कितीही चांगलं असो, गाळा.

बदलला म्हणून गोड करू नका. हा मोह मला दर वेळी होतो, कारण तोपर्यंत त्या माणसावर जीव जडलेला असतो. आमच्या मोहिमेत वेढा पडला, गावातलं धान्य संपलं, आणि पार्टीने सगळी आशा सोडलेली असताना बॅरनने स्वतःचं कोठार उघडलं. पॅलाडिन भारावून आभार मानायला पुढे झाला. बॅरनने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो कारकुनाला म्हणाला, ‘लिही, एकशे चाळीस पोती. ह्यांच्या नावावर.’