साखर पिकविणाऱ्याच्या घरात शुगर : ताटाचा हिशेब



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेला विषय निराळा आहे. लागणीची नोंद घ्यायला बांधावर गेलो की आता एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, दवाखान्यात शुगर निघाली म्हणतेत. साखर बंद केली, गूळ सुरू केलाय. चालतंय ना?" आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेली माणसे. औषध सांगणे आमचे काम नाही. पण उसात साखर किती भरली हे मोजण्यात आमची उमर गेली आहे, आणि ताटातल्या साखरेचा हिशेब त्याहून फार अवघड नाही.

कोणी म्हणेल, कारखान्याच्या पत्रकातच साखर कमी खा म्हणून सांगायचे, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तसे काही नाही. देशात खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून जास्त माल मिठाईवाले, बिस्किटवाले आणि थंड पेये करणारे उचलतात, आणि आता उसापासून इथेनॉलही होते. एका सभासदाने चहातली साखर सोडली म्हणून गाळप थांबत नाही. सभासद अंथरुणाला खिळला तर मात्र त्याच्या उसाला पाणी कोण देणार, हा प्रश्न पडतो.

प्रथम शरीरातला कारभार समजून घेऊ. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्या सगळ्या रक्तात निरोगी माणसाची साखर किती असावी? उपाशीपोटी सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एवढ्यावर सगळा कारभार चालतो. आपण जेवलो की भाकरी, भात, गूळ, काहीही असो, त्यातील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात उतरते. रक्त हा पाट आणि शरीरातील पेशी या सऱ्या धरा. सरीचे तोंड फोडून पाणी आत घेणारा जो गडी, तो इन्शुलिन. पोटातील स्वादुपिंड नावाची ग्रंथी तो पुरविते. सऱ्यांच्या तोंडाशी गाळ साचला तर गडी कितीही राबला तरी पाणी आत जात नाही, पाट तुंबून फुटतो. मधुमेहात बहुतेकांचे असेच होते. यकृतात व पोटाच्या आतल्या बाजूला साठलेली चरबी हा तो गाळ. पुढे गडीही थकतो. मग पाटातले पाणी, म्हणजे रक्तातली साखर, डोळे, मूत्रपिंडे आणि पायाच्या शिरा नासवीत राहते.

"आम्ही तर वाळकुडे, आम्हाला कशाची शुगर?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी पुण्याचे उदाहरण देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बाळांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. मात्र आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी राखलेली, असे दिसले. दिसायला बारीक, आतून चरबीचे. याच डॉक्टरांनी २००४ साली आपले स्वतःचे व एका इंग्रज सहकाऱ्याचे माप छापले. दोघांची उंची व वजन यांचे प्रमाण अगदी एकसारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! तेव्हा काट्यावरचे वजन पाहून निर्धास्त राहू नये. धोतर किंवा पँट कमरेला आवळू लागली की सावध व्हावे. आणि घरातल्या लेकीसुनांच्या ताटाकडेही लक्ष असावे. पुढच्या पिढीची शुगर आईच्या पोटातच पेरली जाते असे या अभ्यासातून दिसते, आणि आपल्याकडे अजूनही बाई शेवटी, उरलेल्यावर जेवते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशभरची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाने देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेही शहरात जास्त, पण उंबरठ्यावरच्यांच्या प्रमाणात शहर व खेडे यांत फरक जवळपास नाहीच. म्हणजे आपली बारी लागलेली आहे.

आता गुळाचे. शंभर ग्रॅम साखरेत जवळजवळ सगळी साखरच. शंभर ग्रॅम गुळात ती सुमारे पंच्याऐंशी ग्रॅम. बाकी पाणी, थोडे क्षार, थोडे लोह. एक चमचा साखर सोडून एक खडा गूळ घेतला, तर रक्ताच्या दृष्टीने केलेला बदल जवळपास शून्य. काकवीचे तेच, मधाचेही तेच. "गूळ नैसर्गिक आहे" हे खरे, पण उसाचा रसही नैसर्गिकच आहे. पक्व उसाचा ब्रिक्स अठरा-वीस लागतो हे तुम्ही आमच्या हातातल्या यंत्रात पाहिलेच आहे. त्या रसाचा पाव लिटरचा पेला घेतला तर चाळीस ग्रॅमच्या वर साखर पोटात गेली. सगळ्या रक्तात असते तिच्या आठपट! निरोगी माणसाचा गडी ती आवरतो. शुगरवाल्याने मात्र रसवंतीकडे पाहून रामराम करावा.

सवलतीच्या साखरेचाही हिशेब मांडून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला माणशी सुमारे पन्नास ग्रॅम धरली, आणि पंचवीसच्या आत राहिल्यास अधिक बरे असे सांगितले. पाच माणसांच्या घरात पन्नास किलोचे एक पोते वर्षभर पुरले, तर माणशी रोज सत्तावीस ग्रॅम होतात. हे झाले घरातले. चावडीवरचा चहा, हॉटेलातला चहा, काट्यावर ट्रॅक्टर उभा असताना घेतलेला चहा निराळा. दिवसाला सहा कप, दर कपाला दीड चमचा धरला तरी पंचेचाळीस ग्रॅम झाले, आणि जेवण अजून व्हायचेच आहे. ज्याला शुगर आहे त्याने पहिल्या दिवशी एवढे एकच काम करावे : चहा बिनसाखरेचा. आठ-दहा दिवस तोंड वाकडे होते, मग जिभेला सवय लागते. पाव्हण्याला "एवढा तरी घ्या" म्हणून आग्रह करणे बंद करावे, हे आमचे स्पष्ट मत. आग्रहाने माणूस मोठा होत नाही, त्याची शुगर होते.

पण साखर सोडून भागत नाही. खरी मेख धान्यात आहे. एका मध्यम भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागते, त्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम पिष्ट. तीन भाकरी आणि वर भात, म्हणजे रसाचे चार पेले झाले. फरक इतकाच की ते हळूहळू उतरते.

ज्वारी खाल्ली की शुगर होत नाही, असेही ऐकतो. ज्वारीवर आमचे प्रेम आहे. परंड्या-भूमकडची मालदांडी सगळ्यांनी खाल्ली आहे. पाणी आले, ऊस आला, मागून सोयाबीन आले, रेशनवर गहू-तांदूळ आले, आणि शाळू घरच्यापुरता एखाद्या तुकड्यात राहिला. तरीही खरे ते सांगितले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारी आणि गव्हाचे न चाळलेले पीठ यांतील तंतू जवळपास सारखेच आहेत, शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम. पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. म्हणून भात कमी करून भाकरी घेतली तर फायदा आहे. पण दोन चपात्या सोडून चार भाकरी चुरून खाल्ल्या, तर फायदा कसला? भाकरीचा गुण असा की ती कोरड्यासाबरोबर, कांद्याबरोबर, सावकाश चावून खावी लागते. मिक्सरमधून काढलेल्या पिठाची पातळ आंबील घटाघटा प्याली की तो गुणही गेला.

मग ताट कसे असावे? निम्मे ताट भाजीचे. बटाटा यात धरू नये. तांदुळजा, अंबाडी, घोळ, चुका, शेपू, करडईची कोवळी पाने, मेथी, गवार, दोडका, जे बांधावर मिळेल ते. पाव ताट डाळी-उसळीचे : मटकी, हुलगा, हरभरा, चवळी, तूर. खाणाऱ्याने अंडी-मासेही घ्यावेत. राहिलेल्या पाव ताटात भाकरी, एक किंवा फार तर दीड. आणि आधी भाजी-उसळ खावी, भाकरी मागून. तेवढ्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी खुशाल असावी, पण तेलाची धार आखडती. ताक चालते. आंबा-सीताफळाच्या दिवसांत सगळेच फळ वर्ज्य नाही, एखादी फोड किंवा लहानसे फळ चालेल, मात्र जेवणावर शिकरण किंवा आमरस नको.

हे बायकांना नवीन वाटायचे कारण नाही. वेळ अमावस्येला आपल्याकडे आणि लातूरकडे शेतात जी भज्जी होते, ती आठवा. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि हाताला लागेल ती पालेभाजी. त्या दिवशी भज्जी पोटभर घ्यावी, उंडा एक घ्यावा, आणि गुळाची खीर बोटावर चाखावी. वर्षातून एकदा होणारी ती भज्जी महिन्यातून चारदा झाली तर त्यात वाईट काय?

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव आपल्या भागात घरोघरी आहे. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून त्यांनी सांगितलेली रीत सोपी. कडक भुकेच्या दोनच वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत, मधे गोड चहा-बिस्कीट-फरसाण काही नाही, आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चालणे. दोनच वेळा जेवावे की तीन वेळा, यावर आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. आमच्या समजुतीने मधले खाणे बंद होते हाच त्यातील मोठा लाभ, आणि तो तीन वेळा जेवणाऱ्यालाही मिळतो. वजन उतरल्याने काय होते याचा दाखला विलायतेतून आला आहे. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील प्रयोगात, ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षे झाली नव्हती आणि इन्शुलिन चालू नव्हते अशा जाड लोकांचे वजन आहाराने उतरविले. २०१७ च्या निकालानुसार वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्के लोकांची साखर गोळीवाचून ताब्यात राहिली, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांची. गाळ निघाला की सरी वाहते. मात्र गाळ पुन्हा साचू शकतो, आणि जुन्या दुखण्यात सरी पहिल्यासारखी होईलच असे नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. मोटारसायकलवरून उसाला चक्कर मारणे हे चालणे नव्हे!

नवरात्रात आपल्याकडे घरोघर नऊ दिवसांचे उपवास असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, भगर व रताळेही त्याच वाटेचे. शुगरवाल्याने उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणे म्हणजे उपवास नव्हे, मेजवानी. ताक, शेंगदाणे, काकडी यावर भर द्यावा, आणि गोळ्या कशा घ्यायच्या हे उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. आई भवानी समजून घेते. कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाणाऱ्यांनीही पाय बधिर आहेत का, हे आधी तपासून घ्यावे. तोडलेल्या उसाचा बुडखा तळपायात घुसला तरी कळत नाही, असे पाय झालेले असतात. फडात तर बूट घातल्याशिवाय उतरूच नये.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. आहार बदलला, शुगर उतरली, म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. उलट, इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकवूही नये. रात्रीची वीज असते, माणूस गोळी घेऊन, घाईत न जेवता मोटर चालू करायला जातो. दोन वाजता दारे धरताना हातपाय कापतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे बरळल्यासारखे होते. लोक म्हणतात पिऊन पडला. ती साखर एकदम खाली गेल्याची खूण असते आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि मग काहीतरी खायला घालावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. गोळी-इन्शुलिनवर असलेल्या सभासदाने रात्री रानात जाताना साखरेची पुडी खिशात ठेवावी आणि सोबतीच्या गड्याला ती कशासाठी आहे हे सांगून ठेवावे.

तपासणीविषयी थोडके. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. पण एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा? एकाच उसाच्या शेंड्याचा ब्रिक्स घेऊन आपण फडाला तोड देत नाही. म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी ही तपासणी करून घ्यावी. ६.५ व त्याच्या वर मधुमेह, ५.७ ते ६.४ उंबरठा. तीस वर्षांवरील माणसांची रक्तदाब व साखर तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारावे. तोडीची चिठ्ठी आली की दोन-तीन महिने कोणाला वेळ सापडत नाही, तेव्हा हे काम गाळप सुरू होण्याआधी उरकून घ्यावे, आणि जाताना घरधनिणीलाही बरोबर न्यावे.