दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. मग गाडी सेल्फ का घेत नाही?

प्रश्न : आमची जुनी डिझेल पिकअप आहे. थंडीत पहाटे भाजी घेऊन मार्केटला निघायचं, तर चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही. हेडलाइट मात्र लख्ख लागतात. चार जणांनी धक्का मारला की लगेच चालू होते. दुपारी तीच गाडी पहिल्याच सेल्फला उठते. एक मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो सेल्फ उतरवून बांधून घ्या. दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली असणार ना? – एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : दिवे लागले म्हणून बॅटरी चांगली ठरत नाही. एवढ्यावरून तिला वाईटही ठरवता येत नाही. दिवा आणि सेल्फ यांच्या भुकेत फार मोठा फरक आहे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून दहा अँपिअरच्या आत करंट घेतात. डिझेल इंजिन फिरवणारा सेल्फ मात्र सहज २०० अँपिअर ओढतो, सुरुवातीच्या क्षणी त्याहूनही जास्त.

आता समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलाय आणि त्या जोडात ०.०१ ओम एवढाच अडथळा आहे. दहा अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट वाया जातो. दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. २०० अँपिअरला मात्र त्याच जोडात २ व्होल्ट खर्च होतात. बारा व्होल्टच्या गाडीत सेल्फसाठी ही तूट मोठी आहे. शिवाय २ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ४०० वॅटची उष्णता त्या एका जोडात तयार होते. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर केबलच्या टोकांना जपून हात लावून पाहा. जो जोड गरम लागेल, तो गुन्हेगार.

पहाटेच का अडते? गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे ती कमी करंट देते. इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे सेल्फला जास्त करंट लागतो. निफाडची थंडी तर राज्यभर प्रसिद्ध आहे. दुपारी दोन्ही बाजू सैल होतात आणि तोच अर्धवट बिघडलेला जोड कसाबसा निभावून नेतो. धक्क्याने गाडी चालू होते, कारण तेव्हा चाकंच इंजिन फिरवतात, सेल्फची गरज उरत नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही. डिझेल सोडणारा स्टॉप सोलेनॉइड उघडण्यापुरता करंट मिळाला, की पुरे. म्हणजे तुमचं इंजिन, पंप आणि डिझेल या तिन्ही गोष्टी ठीक आहेत, हे त्या धक्क्यानेच सांगून टाकलं. दोष आहे तो बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर.

ती वाट तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि पंख्या-पट्ट्याजवळ कुणाचा हात वा उपरणं नको. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच धरा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी आधी चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही कोसळला, तर ती बदलायची.

आकडा ११ च्या वर टिकून राहिला आणि सेल्फ तरी गप्प, तर बॅटरी निर्दोष. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. जुन्या पिकअपमध्ये चिखल-पाण्याने ही पट्टी सर्वांत आधी गंजते आणि तिच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं. हीच चाचणी प्लस खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यात घ्या. दोन्ही बाजू साफ निघाल्या, तरच सेल्फ उतरवा. त्यात सोलेनॉइडचे जळालेले कॉन्टॅक्ट किंवा झिजलेले कार्बन ब्रश सापडतील.

कानानेही बरंच कळतं. भराभर ‘टकटकटक’ होऊन दिवे मंदावले, तर संशय बॅटरीवर किंवा टर्मिनलवर. एकच ‘टक्’ आणि दिवे तसेच लख्ख, तर सेल्फवर किंवा इंजिनाच्या अर्थिंगवर. आवाजच नाही, तर चावीचा स्विच, फ्यूज किंवा सोलेनॉइडची बारीक वायर बघा.

इंजिन जोमात फिरतंय पण पेट घेत नाही, हा वेगळाच आजार. तेव्हा सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोचत नाही : टाकी, फिल्टर, स्टॉप सोलेनॉइड तपासा, किंवा लाइनने हवा धरली असेल तर हँड पंप मारून ती काढा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही : हीटर प्लग, नाहीतर कॉम्प्रेशन. कॉमन रेल गाडीत मात्र हवा काढायला इंजेक्टरचे पाइप सैल करू नका. तिथला दाब कातडी फोडून आत जाण्याइतका असतो.

काही पथ्यं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये थोडा दम घेऊ द्या. टर्मिनल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. थर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, जोड घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना शेवटची मायनस चिमटी आपल्या इंजिनाच्या धातूला लावा, बॅटरीला नको, कारण तिथे साचलेला हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. हवेच्या पाइपाशी पेटता बोळा धरण्याचा जुना उपाय सोडून द्या. आणि उतारावरून गाडी सोडून चालू करायचा मोह टाळा : इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्युमची मदत मिळत नाही, पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

तुमच्या गाडीबाबत निकाल असा : आधी दोन्ही टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी घासून आवळा, मग मीटर लावा. बॅटरी किंवा सेल्फ, कशाचेही पैसे मोजण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा : “सेल्फ मारताना व्होल्ट किती दाखवले?” आकडा सांगता आला नाही, तर तो अंदाज आहे, आणि अंदाजावर नवा पार्ट घेऊ नये.