जुन्या कॅसेटचे चित्र खराब का येते?

लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून देण्याचे काम आपल्यातील काही होतकरू तरुण करतात. भांडवल थोडे लागते. पण चित्र फाटके किंवा बिनरंगाचे आले की गिऱ्हाईक नाराज होते आणि तरुण घाबरून आणखी महाग यंत्र विकत घेतो.

आमचा धंदा कापडाचा. पुतण्याने हे काम सुरू केले तेव्हा पहिली कॅसेट घरचीच होती, त्याच्या आईवडिलांच्या १९८९ सालच्या लग्नाची. आमचे मरहूम अब्बा हलताना-बोलताना फक्त त्याच कॅसेटमध्ये आहेत. उतरवून पाहिली तर अब्बांच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघांचा पडदा! पुतण्याने संगणकाला जोडायचे कॅप्चर उपकरण दोनदा बदलले. पैसे गेले, रेघा तशाच.

सुतात दोष असेल तर तो रंगाईने जात नाही, हा आमचा तजुर्बा. येथेही तसेच आहे. प्रथम व्हीसीआर सरळ टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवरही रेघा असतील तर संगणकाला हात लावू नका. मग एखादी चांगली, पण फार मोलाची नसलेली कॅसेट लावा. तीही खराब दिसली तर दोष व्हीसीआरचा. टीव्हीवर चित्र साफ आणि संगणकावर खराब, तरच वायर, उपकरण आणि सेटिंग तपासा. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर दोष कशाने गेला ते कधीच कळणार नाही.

आमच्या व्हीसीआरचे हेड मळलेले निघाले. हेड ज्या गोल ड्रमवर असते तो सेकंदाला २५ फेऱ्या घेतो, त्यामुळे थोडा मळही चित्र बिघडवतो. साफ करताना प्लग काढून ठेवावा. मऊ चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून ड्रमला हलकेच टेकवावा आणि ड्रम हाताने सावकाश फिरवावा. चामडे वर-खाली घासले तर हेडचे टोक तुटते आणि व्हीसीआर कामातून जातो. कापसाची काडीही नको, तिचे धागे अडकतात. नंतर कॅसेट लावून ट्रॅकिंगचे बटण सावकाश फिरवावे. आमच्या बहुतेक रेघा एवढ्यानेच गेल्या. चित्राच्या अगदी तळाशी थोडी वेडीवाकडी पट्टी राहते, ती दोष नव्हे. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जाई, इतकेच.

आता सेटिंग. भारतात पाल पद्धत होती, ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे. सॉफ्टवेअर पुष्कळदा अमेरिकेच्या एनटीएससीवर असते, म्हणून चित्र पळते किंवा रंग उडतो. सौदीत नोकरीला असलेल्या नातेवाइकांनी आणलेली कॅसेट काळी-पांढरी दिसली तर ती सेकाम पद्धतीची असू शकते. तिला बहुपद्धतीचा व्हीसीआर लागतो आणि सॉफ्टवेअरमध्येही सेकाम निवडावे लागते.

आकार ७२० बाय ५७६ ठेवावा. हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, कारण एक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे बनलेले असते. त्या नंतर सॉफ्टवेअरने काढाव्या, पण मूळ फाइल जपून ठेवून. चित्राचा वरचा भाग वाकडा होऊन थरथरत असेल तर व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून पाहावा, पुष्कळदा चित्र स्थिर होते.

गिऱ्हाइकाला मात्र आधीच स्पष्ट सांगावे की व्हीएचएसमध्ये आडवा तपशील सुमारे २४० रेषांचाच असतो, मोबाइलसारखे चित्र येणार नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले, तेव्हा जुना व्हीसीआर भंगारात देऊ नका.

कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट चालवली तर बुरशी हेडला लागते आणि तेथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटमध्ये जाते. पुतण्याने अशा कॅसेट साफ करण्यासाठी एक व्हीसीआर वेगळाच ठेवला आहे, त्यात दुसरी कॅसेट तो घालत नाही.