भांडखोर माशांची बाग

कोल्हापुरातील एखाद्या घरी काचेची मत्स्यपेटी आली, की घरातील मुलांचे सारे लक्ष माशांवर खिळते. वनस्पतींचा विचार मागाहून होतो. दुकानातून कोवळ्या हिरव्या रोपांच्या चार-सहा जुड्या आणाव्यात, त्या वाळूत ओळीने रोवाव्यात, दिवा लावून पेटीची शोभा डोळे भरून पाहावी. आणि सकाळी उठून पाहावे तो सर्व रोपे उपटलेली पाण्यावर तरंगत आहेत, वाळूत मोठा खड्डा पडला आहे, आणि मासा त्या खड्ड्यावर ऐटीत पहारा करीत आहे! पेटीत सिक्लिड कुळातील मासा असला, म्हणजे हा प्रकार बहुधा घडतोच. मुले त्यास द्वाड म्हणतात. वास्तविक त्या बिचाऱ्याने रात्रभर घर बांधलेले असते.

हे कूळ आपणांस अगदीच अपरिचित नाही. मंडईत 'चिलापी' या नावाने विकला जाणारा मासा सिक्लिडच होय. तो मूळचा आफ्रिकेतील. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि पुढे तळ्या-धरणांतून सर्वत्र पसरला. कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारा आणि गोव्यात 'कालुंदर' म्हणून ओळखला जाणारा मासाही याच कुळातला. तो मात्र या भूमीचाच आहे. चिलापीचा नर उथळ पाण्यात तोंडाने माती उचलून बशीसारखा वाटोळा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती आपल्या तोंडात घेते. पिल्ले बाहेर येऊन स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत ती त्यांना तोंडातच सांभाळते, आणि त्या काळात अन्नास जवळजवळ स्पर्शही करीत नाही. कालुंदराच्या जोडीतील नर-मादी दोघेही अंड्यांवर राखण करतात. ज्यास मुलाबाळांची एवढी काळजी, तो शेजाऱ्यास अंगणात कसा फिरकू देईल? सिक्लिडांच्या भांडखोरपणाचे मूळ बव्हंशी या घराच्या ओढीत आहे.

तेव्हा अशा पेटीसाठी वनस्पती निवडताना प्रथम मासा ओळखावा लागतो. अमेझॉन नदीच्या प्रदेशातून आलेला ऑस्कर फुटाहून मोठा होतो. तो रोपे फारशी खात नाही. पण जागेची मांडामांड त्यास आपल्या मनाप्रमाणे लागते, आणि मधे आलेले रोप तो सरळ उचलून फेकून देतो. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकांवर राहणारे निळे-पिवळे मासे शेवाळ खरवडून खाणारे. कोवळे पान त्यांना पक्वान्नासारखे वाटते. एक उकरणारा आणि दुसरा कुरतडणारा. दोघांपुढे टिकेल, असे झाड कोणते?

असे झाड खुद्द आफ्रिकेनेच दिले आहे. त्याचे नाव अनुबियास. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ओढ्या-नद्यांच्या काठी ते उगवते. त्याची पाने जाड, गडद हिरवी आणि चामड्यासारखी चिवट असतात. अनुबियास हे अळू आणि सुरण यांच्या कुळातले आहे. अळू नीट शिजले नाही, तर घसा खाजतो, हा अनुभव कोणास नाही? अळवाच्या पानात डोळ्यांना न दिसणारे सुईसारखे स्फटिक असतात. घशास टोचतात ते तेच. या कुळातील बहुतेक वनस्पतींजवळ हे शस्त्र असते, आणि म्हणूनच सहसा कोणताही मासा अनुबियासचे पान एकदा चाखल्यावर पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही.

त्याचा दुसरा गुण याहूनही मोठा. त्यास वाळूत रोवावे लागत नाही. किंबहुना रोवूच नये. त्याचे आडवे, जाड खोड वाळूखाली गाडले, तर ते कुजते. नदीपात्रातील एखादा खडबडीत काळा दगड घ्यावा, तो स्वच्छ धुवावा, त्यावर खोड ठेवून सुती दोऱ्याने बेताने बांधावे. काही आठवड्यांत मुळे दगडास घट्ट मिठी मारतात आणि दोरा आपोआप कुजून गळून पडतो. मग मासा खाली कितीही उकरो. झाड दगडावर बसून राहते. मात्र दगड वाळूवर ठेवू नये, पेटीच्या तळाशी पक्का बसवून मग भोवती वाळू घालावी. नाहीतर माशाने खालची वाळू उपसली, की दगड कलंडतो, आणि त्याखाली मासा चिरडतो किंवा पेटीची काचही फुटते.

जावा फर्न नावाचे नेचेही असेच दगडावर किंवा लाकडावर वाढते. ते आग्नेय आशियातले. आपल्याकडील पानफुटीच्या पानाच्या कडेला जशी इवली रोपे फुटतात, तशी या नेच्याच्या पानांवरही फुटतात. ती अलगद काढून दुसऱ्या दगडावर बांधली, की नवे झाड तयार. या दोन्ही वनस्पती सावकाश वाढतात, आणि उतावळ्या माणसास हा दोष वाटतो. पण त्यांना मंद प्रकाश पुरतो, हे विसरू नये. पेटी खिडकीतील उन्हात ठेवली, तर या पानांवर शेवाळच अधिक माजते.

ज्यांना लवकर वाढणारे काही हवे, त्यांनी वॅलिस्नेरियाकडे वळावे. फितीसारखी लांब पाने असलेली ही वनस्पती आपल्या देशातील तळ्यांत आहे आणि आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातही आहे. तिच्या फुलांची गंमत मोठी. नरफुले पाण्याखालीच देठापासून सुटतात आणि बुडबुड्यांसारखी वर येऊन पृष्ठभागावर तरंगतात. मादीफूल लांब, बारीक देठावर वर येऊन त्यांची वाट पाहते. परागण झाले, की तो देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि फळास पुन्हा खाली ओढून नेतो. हिची मुळे वाळूत असतात, म्हणून ती फार उकरणाऱ्या माशांपासून जपावी लागते. मुळांभोवती मोठे गोटे रचले, तर ती बहुधा तग धरते. कठीण, म्हणजे क्षारयुक्त पाणी तिला चालते. हे महत्त्वाचे आहे. कारण मलावी व टांगानिका या सरोवरांचे पाणी कठीण व अल्कधर्मी असते, आणि तेथील माशांना तसेच पाणी मानवते.

वनस्पतींचे काम केवळ शोभेचे नाही. पेटीत सबळ मासा दुबळ्यास सतत पिटाळतो. पळणाऱ्यास दडायला आडोसा नसेल, तर दोन दिवसांत त्याचे पर फाटतात, तो खाणे सोडतो आणि शेवटी मरतो. दगड व रुंद पाने यांची रचना अशी करावी, की पेटीच्या एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशास सरळ पाहू शकणार नाही. जो दिसत नाही, त्याच्याशी भांडण तरी काय करणार! नवा मासा सोडताना जाणती माणसे एक युक्ती करतात: झाडे बांधलेले सर्व दगड आधी हलवून नव्या जागी मांडतात. जुन्या माशांच्या हद्दी त्यामुळे पुसल्या जातात. सर्वांनाच घर नव्याने शोधावे लागते, आणि त्या गडबडीत पाहुण्यास एखादा कोपरा मिळून जातो.

पेटी दाटली, म्हणजे वाढलेली झाडे आणि नकोसे झालेले मासे रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडून देण्याचा मोह काहींना होतो. त्यांना ती दया वाटते. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या देखणेपणामुळेच देशोदेशी नेली गेली. तीच आज आपल्याकडे केंदाळ म्हणून ओळखली जाते, आणि रंकाळ्यातून ते उपसण्यासाठी वारंवार कष्ट करावे लागले आहेत. चिलापीने आपल्या तळ्यांतील मूळच्या माशांची जागा कशी बळकावली, हे कोळी बांधव सांगतात. म्हणून मासा द्यावयाचा तो दुकानदारास किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा. छाटलेली पाने उन्हात पूर्ण वाळवून परसातील जास्वंदीच्या बुंध्याशी घालावीत. तिला त्यांचे चांगले खत होते.