उत्तर देणारे चार, विचारणारा एकही नाही



भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहून नुसतं म्हणा, "जीएसटी नंबर काढावा का?" चहा हातात येण्याआधी चार सल्ले मिळतील. पण "तुम्ही माल विकता की सेवा देता? माल राज्याबाहेर जातो का?" हे सहसा कोणी विचारणार नाही. आपल्याकडे उलाढालीची मर्यादा मालासाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख आहे, आणि माल राज्याबाहेर विकत असाल तर नियम आणखी वेगळा. म्हणजे तो प्रश्न विचारल्याशिवाय बरोबर उत्तर देताच येत नाही!

असं का होतं? व्हिडिओत मी हे थोडक्यात सांगितलं होतं, इथे नीट बघू.

पहिलं कारण: मान. उत्तर देणारा लगेच जाणकार ठरतो. विचारणाऱ्याला आधी "मला माहीत नाही" हे कबूल करावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. शाळेतही मार्क उत्तरालाच मिळाले, प्रश्नाला कधीच नाही.

दुसरं कारण: खर्च कोणाचा? टपरीवरचा सल्ला चुकला तर भुर्दंड तुम्हाला, सल्ला देणाऱ्याला नाही. म्हणून उत्तर स्वस्त वाटतं. प्रश्नाचा संकोच मात्र विचारणाऱ्याला तिथल्या तिथे सोसावा लागतो.

तिसरं कारण: आपल्याला समजलंय असं वाटतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रोझेनब्लिट आणि कील या दोन संशोधकांनी २००२ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कपड्याची चेन, कुलूप, शिलाई मशीन अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती समजतं, याला लोकांनी आधी गुण दिले. मग "आता पायरीपायरीने समजावून सांगा" म्हटल्यावर त्यांनी स्वतःचेच गुण खाली आणले. जिथे सगळं समजलंय असं वाटतं, तिथे प्रश्न सुचणार कुठून?

आता हे आपल्या धंद्यात आणू. चाकणच्या एखाद्या कंपनीकडून तुम्हाला ५०० पिनांचं काम मिळालं. टर्निंग करायचं आणि झिंक प्लेटिंग करून द्यायचं. परचेसवाले साहेब विचारतात, "समजलं ना?" आपण म्हणतो, "हो सर." विचारायचा राहिलेला प्रश्न एकच: ड्रॉइंगवरचं माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं?

हिशोब करा. प्लेटिंगचा थर ८ मायक्रॉन धरला तर दोन्ही बाजू मिळून व्यास १६ मायक्रॉनने वाढतो. टॉलरन्स एकूण २० मायक्रॉनचा आहे आणि तुम्ही अगदी मधोमध माप धरून टर्निंग केलंय. वर जागा उरली १० मायक्रॉन, वाढले १६. माप नंतरचं असेल तर पिन ६ मायक्रॉन बाहेर. एकदोन नग नाही, सगळा लॉट! मटेरियल, मजुरी, प्लेटिंग, टेम्पोचं भाडं, सगळं तुमच्या खिशातून.

गंमत बघा. असं रिजेक्शन आलं की गाड्यांच्या कंपन्या बऱ्याचदा सप्लायरकडून 'फाइव्ह व्हाय' भरून मागतात. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेली ही पद्धत: बिघाडाचं मूळ सापडेपर्यंत 'का?' विचारत जायचं, साधारण पाच वेळा. म्हणजे आधी आपण एक प्रश्न विचारला नाही, तर नंतर आपल्याला पाच विचारले जातात.

मग विचारायचं कसं? या चार सवयी लावून घ्या.

१. दोन पर्याय देऊन विचारा. "सर, हे माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं?" असा प्रश्न ऐकून कोणी तुम्हाला कच्चं समजत नाही, उलट ड्रॉइंग नीट वाचलंय हे कळतं. उत्तर मिळालं की ते मेल किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा.

२. आपलं उत्तर पुढे ठेवा. समोरचा फार बोलत नसेल तर म्हणा, "मी नंतरचं माप धरून कोटेशन देतोय." लोकांना उत्तर द्यायला आवडतं, दुसऱ्याचं दुरुस्त करायला त्याहून जास्त! ती हौस तुमच्या कामाला लावा.

३. पैशांचा प्रश्न ऑर्डर घेतानाच. पेमेंट किती दिवसांनी, आणि दिवस कधीपासून मोजायचे? तुम्ही उद्यम नोंदणी केलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणारे असाल, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. कायदा माहीत असला तरी तारीख आधी विचारून लिहून घ्या.

४. आपल्या माणसांना "समजलं ना?" विचारू नका. त्याचं उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी "पहिलं ऑपरेशन कुठलं करणार, सांग बरं," असं विचारा. कुठे अडलंय ते लगेच दिसतं.

दुकान असेल तरी हेच. माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक म्हणतं, "दहाचा बोल्ट द्या." कोणाला एम१० हवा असतो. कोणाला दहाचा पाना लागतो तो, म्हणजे एम६. त्यामुळे पोरांना सांगून ठेवलंय: डबा उघडण्याआधी "कुठे लावायचाय?" हे विचारायचं. पाच सेकंद जातात, पण गिऱ्हाईकाचा परतीचा हेलपाटा वाचतो.

या आठवड्याचा गृहपाठ: हातात असलेल्या एका ऑर्डरचा कागद काढा. ज्या गोष्टी तुम्ही "असंच असणार" म्हणून धरून चाललाय, त्या लिहा. त्यातली जी चुकली तर सगळ्यात जास्त पैसे जातील, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा आणि मशीन सुरू करण्याआधी तो एक फोन करा.