दुसऱ्या कृतीची कसोटी



निकालाच्या दिवशीं शाळेच्या पडवींत घडलेला एक प्रसंग आमच्या मनांतून अजून जात नाहीं. आठवींत पहिला आलेला एक मुलगा नववींत तिसरा आला. त्याचे वडील चारचौघांदेखत त्याला म्हणाले, "अरे, गेल्या वर्षीं पहिला होतास, यंदा काय झालें?" मुलगा मान खालीं घालून उभा राहिला. आम्ही जवळच होतों, परंतु आम्हीही कांहीं बोललों नाहीं. वडिलांच्या त्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आज आम्ही विद्यार्थ्यांच्या आवडीच्या प्रांतांतील, म्हणजे लोकप्रिय विलायती गाण्यांतील, एक उदाहरण अभ्यासास घेत आहों.

स्पाइस गर्ल्स हें इंग्लंडांतील पांच तरुणींच्या गायनमंडळाचें नांव. मेलनी ब्राउन, मेलनी चिझम, एमा बंटन, जेरी हॅलिवेल आणि व्हिक्टोरिया ॲडम्स या त्या पांचजणी. १९९४ सालीं हें मंडळ जमलें. जुलै १९९६ मध्यें त्यांचें 'वॉनाबी' हें पहिलें गाणें निघालें व ब्रिटनमध्यें तें सात आठवडे अग्रस्थानीं राहिलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत 'स्पाइस' हा पहिला गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या जगभर दोन कोटींहून अधिक प्रति खपल्या असें सांगतात. पहिल्याच पावलाला एवढें यश फार थोड्यांच्या वांट्याला येतें.

दुसरा गीतसंग्रह 'स्पाइसवर्ल्ड' बरोबर एका वर्षानें, म्हणजे नोव्हेंबर १९९७ मध्यें निघाला. तो कसा तयार झाला हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पहिल्या संग्रहाची गाणीं रचावयास व घोटावयास या मुलींना पुष्कळ अवधि मिळाला होता. त्या वेळीं त्यांना कोणी ओळखत नव्हतें. दुसऱ्याच्या वेळीं साऱ्या जगाचे डोळे त्यांच्याकडे लागलेले. १९९७ च्या उन्हाळ्यांत त्यांच्या चित्रपटाचें चित्रण चालू होतें, आणि त्याच दिवसांत गाण्यांचें मुद्रणही व्हावयाचें होतें. म्हणून ध्वनिमुद्रणाची फिरती गाडीच चित्रणाच्या जागीं नेण्यांत आली. दोन प्रसंगांच्या मधल्या वेळांत गाणीं रचावयाचीं व गावयाचीं, असा तो क्रम होता.

संग्रहांत गाणीं अवघीं दहा. परंतु त्यांत विविधता बरीच आहे. 'स्पाइस अप युअर लाइफ' यांत दक्षिण अमेरिकेंतील उत्सवी ढोलताशांचा ठेका आहे. 'स्टॉप' हें गाणें १९६० च्या दशकांतील डेट्रॉइट शहराच्या मोटाउन संगीताच्या वळणावर बांधलें आहे. 'द लेडी इज अ व्हॅम्प' यांत जुन्या नाट्यगृहांतील वाद्यवृंदाचा थाट आहे, तर 'व्हिवा फॉरएव्हर' यांत स्पॅनिश पद्धतीच्या गिटारीवर उदास चाल चालते.

या संग्रहाचें स्वागत संमिश्र झालें. कांहीं टीकाकारांनीं चालींतील गोडवा व गाणाऱ्यांचा उत्साह यांची स्तुति केली. इतरांस वाटलें कीं, हीं सारीं उसनीं वस्त्रें आहेत; नवें असें यांत थोडेंच. ब्रिटनमध्यें संग्रह प्रथम क्रमांकावर गेला, तरीही 'नव्याचे नऊ दिवस' संपत आले असा सूर वृत्तपत्रांत निघूं लागला. शीतपेयें, चॉकलेटें, छायाचित्रयंत्रें अशा नाना वस्तूंच्या जाहिरातींत हेच पांच चेहरे दिसत असल्यामुळें लोक कंटाळूं लागले होते. अति तेथें माती, ही म्हण आपल्याकडे आहेच. त्याच नोव्हेंबरांत मंडळानें आपले व्यवस्थापक सायमन फुलर यांना दूर केलें, आणि स्पेनमधील एका समारंभांत प्रेक्षकांनीं त्यांची हुर्योही उडविली. मार्च १९९८ मध्यें 'स्टॉप' हें गाणें ब्रिटनमध्यें दुसऱ्या क्रमांकावर राहिलें. त्यापूर्वींचीं सलग सहा गाणीं पहिल्या क्रमांकावर गेलीं होतीं. म्हणून हा दुसरा क्रमांक म्हणजे पराभवच, असें मानण्यांत आलें. मे १९९८ च्या अखेरीस जेरी हॅलिवेल मंडळांतून बाहेर पडल्या. तरीही जुलैमध्यें निघालेलें 'व्हिवा फॉरएव्हर' पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलें.

विद्यार्थ्यांनो, आतां या टीकेचें पृथक्करण करून पाहूं. पहिली गोष्ट तुलनेची. 'स्पाइसवर्ल्ड'च्याही एक कोटीहून अधिक प्रति खपल्या. दुसऱ्या कोणत्याही मंडळाला हें अपूर्व यश वाटलें असतें. येथें मात्र मापाची पट्टी त्यांच्याच पहिल्या संग्रहाची होती. दुसरी गोष्ट अशी कीं, टीकेंतील पुष्कळ भाग गाण्यांविषयीं नव्हताच. तो जाहिरातींविषयीं, भांडणांविषयीं व अतिपरिचयाविषयीं होता. कृतीचा दोष आणि कर्त्याविषयींचा कंटाळा या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. तिसरी गोष्ट, टीकाकारांचें म्हणणें अगदींच खोटें होतें असेंही नाहीं. कांहीं गाण्यांत घाई दिसते. पण ती घाई आली कोठून? पहिल्या यशानंतर चित्रपट, जाहिराती, दौरे आणि नवा संग्रह हें सर्व एकाच वर्षांत एकाच पांचजणींवर लादलें गेलें, आणि त्यांनींही तें आनंदानें अंगावर घेतलें.

हा विचार मनांत घोळत असतां दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलाच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका काढून शेजारीं शेजारीं ठेविल्या. यंदाची त्याची बेरीज गतवर्षापेक्षां अकरा गुणांनीं अधिक होती. दोघे सोबती त्याहून पुढें गेले, एवढेंच झालें होतें. भूमितींत मात्र त्याचे गुण खरोखर घटले होते. तेथें उत्तरें अर्धवट होतीं. आकृत्या घाईनें काढलेल्या होत्या.

ही घाई आली कोठून, हें आम्हांस कोणी सांगावयास नको होतें. तो पहिला आल्यावर स्नेहसंमेलनाचें नाटक, वक्तृत्वाची स्पर्धा, भित्तिपत्रकाचें संपादन हें सर्व आम्हीं शिक्षकांनींच त्याच्या गळ्यांत घातलें होतें. "तूं हुशार आहेस, तुला जमेल," असें आम्ही प्रत्येक वेळीं म्हणालों, आणि नाहीं म्हणण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं.

आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून दोन्ही कागद दाखविले व आमची चूकही सांगितली. ते बराच वेळ ती बेरीज पाहत बसले. मग त्यांनीं मुलाला हांक मारून विचारलें, "भूमितीला कोणत्या वेळीं बसतोस?" आदल्या दिवशींच्या प्रश्नापेक्षां हा प्रश्न चांगला होता, आणि मुलानें मान वर करून त्याचें उत्तर दिलें.

पालकहो, यंदा गुणपत्रिका हातीं येईल तेव्हां गतवर्षींची जवळ घेऊन बसावें, अशी आमची विनंति आहे. क्रमांकाआधीं बेरीज वाचावी. आणि जेथें खरोखर घट दिसेल, तेथें त्या वर्षीं मुलावर आणखी काय काय लादलें होतें, हें घरांत व शाळेंत दोन्हीकडे विचारावें.